नवा अभ्यासक्रम शाळेत राबवताना: समन्वयकाचं काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी

शिक्षकसभेत मुख्याध्यापक म्हणतात, "नव्या अभ्यासक्रमाचं काम यंदा तुम्ही बघा," आणि सगळे टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या तुमच्यासाठी नसतात, काम आपल्या गळ्यात पडलं नाही याच्या असतात. मग हातात एक जाडजूड पीडीएफ येते, एक परिपत्रक येतं आणि त्यात 'पुढील वर्षापासून अंमलबजावणी करावी' असं एक वाक्य असतं. ती कोणी, कुठल्या तासाला आणि काय बाजूला ठेवून करायची, याबद्दल परिपत्रक गप्प असतं.

माझ्याकडे हे काम पहिल्यांदा आलं तेव्हा मी अख्खी सुट्टी घालवून ३८ पानांचा आराखडा केला. तक्ते, रंगीत चौकटी, अध्ययन निष्पत्तींचे क्रमांक, सगळं होतं त्यात. प्रत्येक विषयशिक्षकाला स्पायरल बाइंडिंग करून दिला. तीन महिन्यांनी स्टाफरूममध्ये एका बाईंच्या टेबलावर तो दिसला. पानांच्या कोऱ्या मागच्या बाजूंवर त्यांनी घटक चाचणीचे गुण मांडले होते. राग आला खरा, पण त्या कागदांचा माझ्यापेक्षा बरा उपयोग त्यांनीच केला होता. मंगळवारी चौथ्या तासाला सातवीच्या वर्गात शिरल्यावर बाईंनी कालच्यापेक्षा वेगळं काय करायचं, हे त्या ३८ पानांत एकाही ओळीत नव्हतं.

तेव्हापासून मी मंगळवारचा चौथा तास डोळ्यांसमोर ठेवूनच कामाला बसतो. पुढचं सगळं त्याच नजरेनं लिहिलंय.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करून घ्या. अमेरिकन अभ्यासक जॉन गुडलॅड यांनी अभ्यासक्रमाचे पाच थर सांगितले होते: तज्ज्ञांच्या मनातला आदर्श, कागदावर मंजूर झालेला, शिक्षकाला समजलेला, वर्गात प्रत्यक्ष शिकवला गेलेला आणि मुलाच्या वाट्याला आलेला. वरून खाली येताना प्रत्येक थरात काही ना काही गळतं. तुमच्याकडे येतो दुसरा थर. तुमचं काम तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचं. त्यामुळे कागद नीट फाइल करून ठेवला म्हणजे काम झालं असं समजू नका, ते अजून सुरूच झालेलं नाही.

जुना आणि नवा अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचा

नव्या दस्तऐवजाची प्रस्तावना पहिल्या वाचनात सोडून द्या. ती वाचून आपल्याला सगळं कळलं असा भास तेवढा होतो. थेट एका विषयाची एक इयत्ता घ्या, जुना अभ्यासक्रम शेजारी ठेवा आणि मोठ्या कागदावर चार रकाने आखा: तेच राहिलं, इयत्ता बदलली, नवीन आलं, गेलं. हे एकट्यानं करू नका. तो विषय शिकवणारे दोघं जण सोबत घ्या. दोन तासांत एक विषय होतो.

या चारांतला सगळ्यात धोक्याचा रकाना 'इयत्ता बदलली' हा. 'नवीन आलं' याकडे सगळ्यांचं लक्ष जातंच. सरकलेले घटक मात्र निमूटपणे सरकतात.

समजा, ऋण संख्या आधी सातवीला होत्या. नव्या अभ्यासक्रमात त्या सहावीला आल्या आणि सातवीच्या बीजगणितात त्या येतात असं गृहीत धरलं गेलं. आता यंदाच्या सहावीच्या मुलांचा विचार करा. त्यांनी जुनी सहावी केली, तिथे ऋण संख्या नव्हत्या. पुढच्या वर्षी दोन्ही इयत्तांना नवा अभ्यासक्रम एकदम लागला, तर ही मुलं नव्या सातवीत जातील, तिथेही त्या नसतील. म्हणजे या बॅचला ऋण संख्या कोणीच शिकवणार नाही. पहिल्या सत्रात समीकरणं सुरू झाली की शिक्षक म्हणणार, "यंदाची बॅचच कच्ची आहे." बॅच कच्ची नसते. ती दोन अभ्यासक्रमांच्या फटीत पडलेली असते.

उपाय अवघड नाही, पण वेळेवर करावा लागतो. प्रत्येक विषयात असे घटक शोधा आणि त्या एका बॅचसाठी, त्या एका वर्षापुरता, पाच ते दहा तासिकांचा जोडपाठ नियोजनात घाला. इयत्ता उलट दिशेनं सरकली असेल, म्हणजे सहावीचा घटक सातवीला गेला असेल, तर तोच घटक मुलं दोनदा शिकतील. त्यात कंटाळा येईल, नुकसान होणार नाही. उलट तिथून वाचलेल्या तासिका जोडपाठाला वापरता येतात.

वाचतानाच दुसरं एक काम करून टाका. दस्तऐवजाच्या भाषेचं साध्या भाषेत रूपांतर. हे किरकोळ वाटतं, पण दक्षिण आफ्रिकेचा अनुभव बघा. वर्णभेदी राजवट संपल्यावर तिथे १९९७ मध्ये 'करिक्युलम २००५' या नावानं नवा अभ्यासक्रम जाहीर झाला आणि १९९८ मध्ये पहिलीपासून लागू झाला. हेतू उदात्त होता, त्यावर फारसं कोणाचं दुमत नव्हतं. पण २००० मधल्या फेरआढाव्यात जे दोष निघाले त्यांत क्लिष्ट भाषा आणि नव्या संज्ञांची गर्दी हा एक ठळक दोष होता. जोडीला अपुरं प्रशिक्षण, अपुरं साहित्य आणि घाईचं वेळापत्रक. शेवटी २००२ मध्ये सुधारित, सुटसुटीत आवृत्ती आणावी लागली. ज्या शब्दाचा अर्थ स्टाफरूममध्ये चौघं चार प्रकारे सांगतात, तो शब्द वर्गात पोचत नाही. 'विद्यार्थी बाष्पीभवनाच्या प्रक्रियेवर परिणाम करणाऱ्या घटकांचे विश्लेषण करतात' असं लिहिलं असेल तर शेजारी पेन्सिलनं लिहा: 'पाणी कधी लवकर वाळतं आणि कधी उशिरा, हे मूल स्वतः करून बघतं आणि कारण सांगतं.' बस.

तासिका मोजा, अगदी बोटांवर

नवख्या समन्वयकाची सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विज्ञानाच्या आठवड्याला ५ तासिका आणि वर्षाचे शिकवण्याचे ३४ आठवडे धरू. झाल्या १७०. आता वजाबाकी. तीन परीक्षा, प्रत्येकीला दीड आठवडा, म्हणजे सुमारे २२ तासिका गेल्या. परीक्षेआधीची उजळणी आणि नंतर पेपर दाखवणं, दर वेळी ४ धरल्या तर १२. स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, सहल, अचानक जाहीर झालेले कार्यक्रम मिळून १४. शिक्षकांच्या रजा ७. एकूण ५५. उरल्या ११५.

नव्या अभ्यासक्रमात १५ घटक आहेत. जुन्या पद्धतीनं सांगून, लिहून देऊन एक घटक ७ तासिकांत उरकायचा. १०५ मध्ये काम भागायचं. नव्या पद्धतीत मुलांनी करून बघायचंय, बोलायचंय, चुकायचंय. तिथे एका घटकाला ९ तासिका लागतात. म्हणजे १३५. वीस तासिकांची तूट.

ही तूट कोणी न सांगता भरून निघते, आणि ती कशी भरते ते सगळ्यांना माहीत असतं. पहिले चार घटक उत्साहानं नव्या पद्धतीनं होतात, परीक्षा जवळ आली की उरलेले धाडधाड जुन्या पद्धतीनं. वर्षाअखेरीस निष्कर्ष निघतो की 'नवीन पद्धत व्यवहारात शक्य नाही.' पद्धतीचा दोष नव्हता. आकडेमोड कोणी केली नव्हती, इतकंच.

म्हणून सत्र सुरू होण्याआधी या वीस तासिका कुठून काढायच्या ते विषयशिक्षकांसोबत बसून ठरवा. भूगोलातला हवामानाचा भाग आणि विज्ञानातला जलचक्राचा भाग एकत्र घेता येईल का? कुठले तीन घटक मुद्दाम सात तासिकांत, साध्या पद्धतीनं करायचे? तीनपैकी एक परीक्षा छोट्या चाचण्यांत विरघळवता येईल का? काय सोडायचं ते तुम्ही उघडपणे ठरवलं नाही, तर प्रत्येक जण ते गुपचूप ठरवतो, आणि मग चार तुकड्यांत चार वेगळ्या गोष्टी सुटतात.

ओझं फार झालं तर काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. १९८८ च्या कायद्यानं तिथे पहिल्यांदा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. विषयवार समित्यांनी आपापला विषय भरगच्च भरला. सगळे विषय मिळून एका शिक्षकाच्या आठवड्यात मावतात का, हे पाहणं मागे पडलं. १९९३ मध्ये शिक्षकांनी चाचण्यांवर बहिष्कार टाकला. मग सरकारनं नेमलेल्या सर रॉन डिअरिंग यांच्या आढाव्यानंतर अभ्यासक्रमाला कात्री लागली आणि पुढची पाच वर्षं मोठे बदल करणार नाही, असं आश्वासन सरकारला द्यावं लागलं. शाळेच्या पातळीवर बहिष्कार होत नाही. तिथे लोक मान डोलावतात आणि दार लावून जुनंच शिकवतात.

प्रश्नपत्रिका आधी बदला

क्रम उलटा वाटेल, पण माझं ठाम मत आहे: वर्षाच्या पहिल्या महिन्यात सत्र परीक्षेची नमुना प्रश्नपत्रिका तयार करून सगळ्या शिक्षकांच्या हातात द्या. मुलांनाही दाखवा. शिक्षक आळशी नसतो, हिशेबी असतो. कागदावर चिकित्सक विचार आणि परीक्षेत 'व्याख्या लिहा' असं असेल, तर तो व्याख्या घोटून घेणार. मुलांचं त्यातच भलं आहे हे त्याला कळतं.

आमच्याकडे जुना प्रश्न होता: 'बाष्पीभवन म्हणजे काय? बाष्पीभवनाचा वेग कोणत्या घटकांवर अवलंबून असतो? (४ गुण)'. तो बदलून आम्ही असा केला: 'ओला टॉवेल घडी करून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतो. तोच पसरून टाकला तर काही तासांत वाळतो. असं का होतं? तुमचं कारण बरोबर आहे की नाही हे तपासायला तुम्ही काय करून बघाल? (४ गुण)'

प्रश्न बदलणं सोपं निघालं, तपासणं अवघड. पाच शिक्षकांना एकाच मुलाचं उत्तर तपासायला दिलं. मुलानं लिहिलं होतं, "पसरल्यावर हवा जास्त लागते म्हणून वाळतो. मी दोन रुमाल घेईन, एक घडी करीन, एक पसरीन आणि दोन्ही पंख्याखाली ठेवीन." गुण पडले १, २, ३, ३ आणि ४. एक दिलेल्या सरांचं म्हणणं, 'पृष्ठफळ' हा शब्दच नाही. चार दिलेल्या बाई म्हणाल्या, "अहो सर, दोन्ही रुमाल एकाच पंख्याखाली ठेवले त्यानं. बाकी सगळं सारखं ठेवायचं हे त्याला कळलंय. हेच तर शिकवायचं होतं ना?" पाऊण तास वाद झाला. त्या पाऊण तासात नवा अभ्यासक्रम काय मागतोय हे आम्हाला जितकं समजलं, तितकं दोन दिवसांच्या प्रशिक्षणात समजलं नव्हतं. शेवटी गुणदानाचे निकष ठरले: कारणाला २, तपासण्याच्या युक्तीला २, आणि पारिभाषिक शब्द नसला तरी अर्थ बरोबर असेल तर गुण कापायचे नाहीत.

दर सत्रात असं एकदा कराच. नाव झाकलेल्या तीन उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स, सगळ्यांनी स्वतंत्र तपासायचं, मग गुण फळ्यावर मांडायचे. कुठल्या व्याख्यात्याला बोलवायची गरज नाही.

बोर्डाची किंवा बाहेरची परीक्षा जुन्याच वळणाची असेल तर? तर खोटं बोलू नका. त्या इयत्तेच्या शिक्षकांना सरळ सांगा की या वर्गात आपण मर्यादित बदल करतोय. खालच्या इयत्तांमध्ये तुमचे हात मोकळे असतात, तिथे करा.

कुरकुर नीट ऐका, तिच्यात माहिती असते

टेक्सास विद्यापीठात १९७० च्या दशकात जीन हॉल, शर्ली हॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदलाला सामोरं जाणाऱ्या शिक्षकांच्या चिंतांची एक शिडी मांडली. ती अजूनही कामाची आहे. आधी माणसाला काही देणंघेणंच नसतं. मग 'हे आहे तरी काय' अशी विचारणा सुरू होते. मग 'माझं काय होणार', मग 'हे सगळं मी वेळेत बसवू कसं', आणि त्यानंतर कुठे 'मुलांना याचा फायदा होतोय का', 'इतरांसोबत मिळून कसं करू', 'यापेक्षा चांगलं काय करता येईल' असे प्रश्न पडू लागतात. एकूण सात पायऱ्या.

व्यवहारात याचा उपयोग असा: उत्तर पायरी बघून द्यायचं. वीस वर्षं भूमिती शिकवणारे सर विचारतात, "म्हणजे आता माझ्या नोट्स फेकून द्यायच्या का?" हा प्रश्न 'माझं काय होणार' या पायरीवरचा आहे. त्यांना बालकेंद्री शिक्षणाचं तत्त्वज्ञान ऐकवाल तर ते मनातून कायमचे उठून जातील. "सर, तुमच्या नोट्समधली ही तीन उदाहरणं नव्या घटकात जशीच्या तशी बसतात, फक्त आधी मुलांना करून बघू द्या," असं म्हणालात तर खुर्ची पुढे ओढतील. 'वेळेत कसं बसवू' असं विचारणाऱ्याला वेळापत्रक दाखवा. त्याला प्रेरणा नको असते, तासिका हव्या असतात.

"हे सगळं आम्ही मागेही केलं होतं" असं म्हणणारे एक ज्येष्ठ सर किंवा बाई प्रत्येक शाळेत असतात. त्यांना नकारात्मक म्हणून बाजूला टाकू नका. मागच्या वेळी काय केलं, कुठे फसलं, हे त्यांना शांतपणे विचारा आणि लिहून घ्या. आमच्याकडच्या अशा एका बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं, "तेव्हा प्रयोगाचं साहित्य एकाच कपाटात होतं आणि किल्ली एकाच माणसाकडे." गटकार्य का बंद पडलं, याचं तितकं नेमकं कारण मला कुठल्याही अहवालात सापडलं नसतं.

प्रशिक्षण: दिवसभराचं एक नको, दर आठवड्याला चाळीस मिनिटं

दिवसभराच्या कार्यशाळेत माणसं ऐकतात, जेवतात, प्रमाणपत्र घेतात. अमेरिकेतल्या ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी शिक्षक प्रशिक्षणावर बरंच काम केलं. त्यांचा मुख्य मुद्दा असा की नुसतं सांगून आणि करून दाखवून नवं कौशल्य वर्गात फारसं उतरत नाही. सराव लागतो, त्यावर कोणीतरी काही सांगावं लागतं आणि नंतर वर्गातच सहकाऱ्याची सोबत लागते.

ही सोबत वेळापत्रकात जन्माला येते किंवा तिथेच मरते. एकच विषय शिकवणाऱ्यांना आठवड्यातून एक सामाईक मोकळी तासिका मिळायला हवी. वेळापत्रक लावणारे सर सांगतील, 'शक्य नाही'. त्यांच्या शेजारी बसा, आधी प्रत्येक विषयाची ही सामाईक तासिका लावून घ्या, मग बाकीचं वेळापत्रक भरा. नंतर घुसवायला गेलात तर खरंच शक्य नसतं. आणि त्या तासाला कोणालाही बदली तास द्यायचा नाही, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. तोंडी कबुली पहिल्या रजेपर्यंतच टिकते.

त्या चाळीस मिनिटांत काय करायचं? जपानमधल्या शाळांमध्ये पाठ-अभ्यासाची जुनी प्रथा आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ बारकाईनं तयार करतात, त्यातला एक जण तो शिकवतो, बाकीचे मागे बसून बघतात, मग सगळे मिळून चर्चा करतात. बघायचं ते मुलांकडे, शिक्षकाकडे नाही. सत्रात असा एक पाठ पुरे. उरलेल्या आठवड्यांत पुढच्या घटकाचा पहिला प्रश्न काय विचारायचा एवढंच ठरवा आणि मुलांच्या वह्या चाळा.

कुठून सुरुवात, किती, आणि काय हलवायचं नाही

सगळ्या इयत्ता, सगळे विषय एकदम सुरू करू नका. वरूनच तसा आदेश असेल तर कागदावर सगळं सुरू करा, पण तुमची शक्ती दोन इयत्ता आणि दोन विषयांवर लावा. फिनलंडसारख्या देशानं राष्ट्रीय गाभा अभ्यासक्रम २०१४ च्या अखेरीस मंजूर केला, तो वर्गात आला २०१६ च्या ऑगस्टमध्ये, आणि सातवी ते नववीला तर २०१७ पासून दर वर्षी एकेक इयत्ता करत. मधल्या काळात स्थानिक पातळीवर आपापले आराखडे लिहिणं चालू होतं. तुम्हाला एवढी सवड मिळणार नाही, पण तुमच्या शाळेपुरता टप्पा तुम्ही ठरवू शकता.

पहिल्या टप्प्यासाठी फक्त उत्साही शिक्षक निवडायचा मोह होतो. निवडा, पण त्यांच्यात एक जण तरी शंकेखोर असू द्या. उत्साही माणसाच्या वर्गात काहीही चालतं. शंकेखोर माणसाच्या वर्गात जे चाललं, ते शाळेत चालेल.

आणि आधीच दोन याद्या करा. पहिली, 'हे बदलायचं नाही': उदाहरणार्थ, नियम सांगण्याआधी मुलांना उदाहरण हाताळू द्यायचं. दुसरी, 'हे तुम्ही ठरवा': साहित्य कुठलं, गट किती जणांचे, क्रम कोणता. अमेरिकेत १९७३ ते १९७८ मध्ये रँड या संशोधन संस्थेनं सरकारी मदतीवर चाललेल्या शालेय सुधारणा प्रकल्पांचा मोठा अभ्यास केला. टिकले ते प्रकल्प, ज्यांत योजना शाळेप्रमाणे थोडी वाकली आणि शाळाही योजनेप्रमाणे थोडी बदलली. हुबेहूब राबवणं क्वचितच दिसलं. पहिली यादी दोन-तीन ओळींपेक्षा मोठी होऊ देऊ नका.

पुस्तकं उशिरा येणार, साहित्य अर्धं येणार. पहिल्या दोन घटकांचे वर्कशीट स्वतः करून ठेवा आणि पुढे चला.

वर्गात बसून काय बघायचं

कॅलिफोर्नियात गणिताचा अभ्यासक्रम बदलत असताना डेव्हिड कोहेन या अभ्यासकानं दुसरीच्या एका शिक्षिकेचा वर्ग पाहिला आणि १९९० मध्ये त्यावर लिहिलं. लेखात बाईंना टोपणनाव दिलंय. बाई मनापासून सांगत होत्या की त्यांचं शिकवणं पार बदललंय. मुलं गटात बसत होती, हातात मणी, ठोकळे होते, नवे उपक्रम होते. पण प्रश्न विचारायच्या बाई, उत्तर यायचं एका शब्दात, बरोबर असेल तर पुढे, चूक असेल तर दुसऱ्याला. मुलांनी आपसात बोलणं, आपला विचार समजावून सांगणं, याला जागाच नव्हती. बाई खोटं बोलत नव्हत्या. नवी साधनं त्यांनी जुन्या शिकवण्यात बसवली होती.

मी हे वाचलं आणि माझ्या निरीक्षणाच्या फॉर्ममधून 'गटकार्य झाले का', 'शैक्षणिक साहित्य वापरले का' हे रकाने काढून टाकले. आता कागदावर तीनच गोष्टी लिहितो. तासात मुलं मिळून किती मिनिटं बोलली. 'का?' किंवा 'तुला असं का वाटलं?' किती वेळा विचारलं गेलं. चुकीच्या उत्तराचं पुढे काय झालं. तिसरी सगळ्यात बोलकी. चूक फळ्यावर लिहून तिच्यावर वर्ग दोन मिनिटं थांबला, तर तिथे काहीतरी खरोखर बदललेलं असतं.

वर्गात बसण्याआधी शिक्षकाला सांगून जा, आणि हा कागद त्याच्या गोपनीय अहवालाला कधीही जोडू नका. एकदा जरी जोडला तर पुढच्या तासाला तुम्हाला नाटक बघायला मिळेल. माझा कागद मी तास संपल्यावर त्याच शिक्षकाला देऊन टाकतो, स्वतःकडे प्रत ठेवत नाही.

पालकांना वही उघडण्याआधी भेटा

१९६० च्या दशकात अमेरिकेत 'न्यू मॅथ' हे नव्या धाटणीचं शालेय गणित आलं तेव्हा प्राथमिक शाळेत संच आणि वेगवेगळ्या पायांच्या (दहाऐवजी दोन, पाच अशा आधारावर मोजायच्या) संख्यापद्धती शिरल्या, आणि सुशिक्षित पालकांनाही मुलांचा गृहपाठ घेता येईना. ज्या पालकाला आपल्या मुलाचा गृहपाठ समजत नाही, तो त्या अभ्यासक्रमाचा शत्रू होतो, आणि त्यात त्याची चूक नाही. जपाननं २००२ मध्ये मुलांवरचा ताण हलका करायला आशय सुमारे ३० टक्क्यांनी कमी केला. मुलं मागे पडतील ही धास्ती पसरली, आणि २००८ च्या फेररचनेत आशय आणि तास पुन्हा वाढवले गेले. काय काढलं हे लोकांना चटकन दिसतं. त्याच्या बदल्यात मुलाला काय मिळालं, ते कोणीतरी दाखवावं लागतं.

पालकसभेत भाषण करू नका. टॉवेलवाला प्रश्न पालकांना सोडवायला द्या, दहा मिनिटं. मग दोन मुलांची उत्तरं वाचून दाखवा आणि विचारा, कुठल्याला जास्त गुण द्याल? सभेत जी चर्चा होते ती तुम्हाला प्रास्ताविक करून घडवता येणार नाही. शेवटी एक पान हातात द्या: या सत्रात काय बदललं, घरी काय विचारावं, काय सांगू नये. 'काय सांगू नये' मध्ये आमची पहिली ओळ होती, "रीत लगेच सांगू नका, आधी 'तू कसं केलंस?' असं विचारा."

मध्येच गुण घसरतील

पहिल्या सत्राअखेर निकाल थोडा खाली येण्याची शक्यता धरून चाला. कॅनडाचे शिक्षणतज्ज्ञ मायकल फुलन यांनी याला 'इम्प्लिमेंटेशन डिप', म्हणजे अंमलबजावणीतली घसरण, म्हटलंय. नवं हातात बसलेलं नसतं आणि जुनं सोडलेलं असतं, त्यामुळे काही काळ दोन्हीकडून तोटा होतो. हे संस्थेला, मुख्याध्यापकांना आणि पालकांना वर्षाच्या सुरुवातीला सांगा. निकाल लागल्यावर सांगितलंत तर ती सबब वाटते. अर्थात प्रत्येक घसरण या खात्यावर टाकू नका. कुठल्या प्रश्नाला मुलं अडली ते बघा. नव्या प्रकारच्या प्रश्नांना अडली असतील तर थांबा, दम धरा. साध्या आकडेमोडीला अडली असतील तर सराव कमी पडलाय, तो लगेच वाढवा.

दुसऱ्या वर्षाची तयारी पहिल्या वर्षातच

प्रत्येक घटक संपल्यावर टाचण वहीत शिक्षकानं तीन ओळी लिहायच्या, त्याच दिवशी: किती तासिका लागल्या, मुलं कुठे अडली, पुढच्या वेळी काय गाळायचं. वर्षाअखेरीस 'अभिप्राय फॉर्म' भरून घेतलात तर 'छान, उपयुक्त' एवढंच मिळतं. घटक संपल्या संपल्या लिहिलेलं खरं असतं.

सत्र संपताना या वह्या गोळा करा आणि तासिकांचा हिशेब नव्या आकड्यांनी पुन्हा मांडा. माझ्या पहिल्या हिशेबात बाष्पीभवनाला ९ तासिका होत्या, प्रत्यक्षात लागल्या ११. 'ध्वनी' पाचातच संपला.

शिक्षकाची बदली झाली, कोणी निवृत्त झालं की नव्या माणसाला पीडीएफ देऊ नका, ही वही द्या. ज्या बाईंनी माझ्या आराखड्याच्या मागे गुण मांडले होते, त्यांची वही पुढच्या वर्षी एका नव्या सरांकडे गेली. सातवी, घटक चौथा, समासात पेन्सिलनं लिहिलं होतं: 'रुमाल घरून आणायला सांगू नये, निम्मे विसरतात. कागदाचे तुकडे ओले करून चालतात. पंखा आधी चालू आहे का बघावा.'